फ्रीमनचे दप्तर : तिसऱ्या फलकाच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२५

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात दिवाळीनंतर ‘जमिनीची कागदपत्रे’ या विषयावर एक छोटे प्रदर्शन भरवायचे ठरले असून त्यातील तिसरा फलक माझ्याकडे आला आहे. पहिल्या फलकावर आपल्या भागातील इनामपत्रे आणि दुसऱ्यावर ब्रिटिश अमदानीतील पैमाशीचे कागद राहतील. तिसऱ्यासाठी परदेशातील एखादे उदाहरण घ्यावे, अशी समितीची सूचना होती. मी अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या गेज काउंटीमधील डॅनियल फ्रीमन या आद्य वसाहतकार शेतकऱ्याचे आणि त्याच्या कुटुंबाचे दप्तर निवडले. १८६२च्या होमस्टेड कायद्याखाली त्याचा अर्ज क्रमांक १, अंतिम प्रमाणपत्र क्रमांक १, आणि त्याला मिळालेल्या सनदेची नोंद पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर आहे. ज्याची हयात महसूल खात्यात फेरफार तपासण्यात गेली, त्याला असे दप्तर समोर आल्यावर ते उघडल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यातील मुख्य कागदांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत, त्यामुळे घरबसल्या काम करता येईल.

समितीतील काहींना वाटते की फलकावर ‘अमेरिकेतील पहिल्या शेतकऱ्याची शौर्यकथा’ यावी. माझा विचार निराळा आहे. शौर्यकथा कुठेही वाचायला मिळते. आपले प्रदर्शन कागदांचे आहे, तेव्हा कागद काय सांगतो आणि काय गाळतो, एवढेच दाखवावे.

९ जून २०२५

कायद्याच्या तरतुदी फलकाच्या कोपऱ्यात चौकटीत देण्यासाठी आज टिपून काढल्या. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी, म्हणजे यादवी युद्ध ऐन भरात असताना, या कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या, अमेरिकेचा नागरिक असलेल्या किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या आणि सरकारविरुद्ध शस्त्र न उचललेल्या व्यक्तीला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागता येत असे. पाच वर्षे तिथे राहायचे, जमीन कसायची, घर बांधायचे आणि मग दोन साक्षीदार उभे करून हे सारे शाबीत करायचे, अशी अट होती. सर्व शुल्क मिळून १८ डॉलर लागत. ज्याला पाच वर्षे थांबायचे नसे, त्याला सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर मोजून तीच जमीन विकत घेण्याची मुभा होती.

आपल्या वाचकाला ही व्यवस्था समजावताना शर्तीच्या जमिनीचा दाखला पुरेल, असे मला वाटते. सरकारने जमीन दिली आहे, ताबाही दिला आहे, परंतु अटी पूर्ण होईपर्यंत ती विकता येत नाही, हे आपल्याकडच्या भोगवटादार वर्ग २ च्या खातेदाराला वेगळे सांगावे लागत नाही. क्षेत्राचा अंदाज यावा म्हणून इतकेच लिहीन, की १६० एकर म्हणजे सुमारे ६४ हेक्टर ७५ आर आणि महाराष्ट्राच्या कमाल जमीन धारणा कायद्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे. या कायद्याखाली पुढच्या काळात सुमारे १६ लाख सनदा दिल्या गेल्या आणि २७ कोटी एकरांच्या आसपास जमीन खासगी मालकीत गेली. मात्र अर्ज त्याहून कितीतरी अधिक, सुमारे ४० लाख झाले होते. म्हणजे निम्म्याहून अधिक अर्जदारांच्या हाती सनद पडलीच नाही.

१४ जून २०२५

आजचा दिवस नकाशात गेला, आणि या कामातील मला सर्वांत आवडलेला भाग हाच. फ्रीमनच्या प्रमाणपत्रात जमिनीचे वर्णन असे आहे : सहाव्या मुख्य रेखांशाच्या पूर्वेकडील पाचवी रांग, उत्तरेकडील चौथी टाउनशिप, सेक्शन २६, त्यातील वायव्य चतुर्थांशाचा दक्षिण अर्धा भाग, त्याच चतुर्थांशाचा ईशान्य तुकडा आणि ईशान्य चतुर्थांशाचा नैर्ऋत्य तुकडा. चतुःसीमेत कोणाच्या बांधाचा, ओढ्याचा किंवा चिंचेच्या झाडाचा उल्लेख नाही. शेजारी नसलेल्या मुलखात चतुःसीमा लिहायची तरी कशी, हा प्रश्न अमेरिकेने १७८५च्या जमीनविषयक अध्यादेशाने आधीच सोडवून ठेवला होता. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी टाउनशिप आखायची, तिचे ६४० एकरांचे ३६ सेक्शन पाडायचे आणि त्यांना क्रमांक द्यायचे. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे जातात, पुढच्या ओळीत पूर्वेकडे वळतात, आणि नांगराने तास घालावेत तसे उलटसुलट उतरत खाली ३६ वर संपतात.

भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले माझे मोजणीदार मित्र संध्याकाळी आले. आम्ही आलेखाच्या कागदावर ४० एकरांचे चार चौकोन काढले. दक्षिणेला तीन चौकोन एका ओळीत बसले आणि मधल्याच्या डोक्यावर चौथा आला, म्हणजे इंग्रजी टी अक्षर उलटे ठेवल्यासारखी आकृती तयार झाली. सरळ चौकोनी १६० एकर मागता येत असताना माणूस असा वेडावाकडा आकार का मागतो, हे मित्रांनी कागदावर बोट ठेवून सांगितले : “पाणी बघा आधी कुठून जातंय ते.” कब क्रीक नावाचा ओढा आणि त्याच्या काठची झाडी या आकारात येते. मैलोन्‌मैल गवत असलेल्या त्या माळावर लाकूड आणि पाणी ओढ्याच्या काठाशीच मिळे, तेव्हा फ्रीमनने आधी ओढा धरला आणि मग एकर मोजले, असे अनुमान काढायला हरकत नाही.

मित्रांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती फलकावर घ्यायचीच. अमेरिकेची ही सारी मोजणी ६६ फुटांच्या गुंटर साखळीने झाली. मुंबई इलाख्याच्या पैमाशीत वापरलेली आपली साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची, म्हणजे बरोबर तिच्या निम्मी होती. आणि ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा. फ्रीमनच्या ४० एकरांच्या तुकड्याची प्रत्येक बाजू पाव मैल आहे. ती आपल्या साखळीने ४० साखळ्या भरते. चाळीस गुणिले चाळीस सोळाशे गुंठे, आणि सोळाशे गुंठ्यांचे ४० एकर. हा हिशेब फलकावर दोन ओळींत मावेल, आणि सातबाऱ्यावर आजवर आर आणि गुंठे यांची बेरीज करत आलेला कोणताही शेतकरी तो उभ्या उभ्या पडताळून पाहील.

२१ जून २०२५

मध्यरात्रीच्या कथेचे काय करायचे, यावर आज चर्चा झाली. कथा प्रसिद्ध आहे. फ्रीमन युद्धातील सैनिक म्हणून रजेवर होता आणि त्याला दुसऱ्या दिवशी परत रुजू व्हायचे होते. मिसूरी नदीकाठच्या ब्राउनव्हिल गावात ३१ डिसेंबर १८६२च्या रात्री त्याने जमीन कार्यालयातील माणसाला गळ घातली, आणि कायदा लागू होताच मध्यरात्रीनंतर काही मिनिटांत कार्यालय उघडून त्याचा अर्ज नोंदवण्यात आला, असे सांगतात. देशभरात त्या एका दिवशी चारशेहून अधिक अर्ज दाखल झाले होते, म्हणून पहिलेपणाचा हा मान त्याला त्या कथेमुळे आणि त्याच्या संचिकेवरील क्रमांकामुळे मिळतो.

कथा फलकावर ‘असे सांगतात’ या शब्दांतच जाईल. तिच्यातील तपशिलांना कागदाचा आधार तितकासा नाही. अर्जाची तारीख आणि क्रमांक मात्र पक्के आहेत. त्याच्याविषयी आणखी दोन ओळी पुरेत : जन्म १८२६, ओहायो राज्यात, शेतकरी होण्याआधी काही काळ त्याने इलिनॉय राज्यात वैद्यकी केली होती.

२९ जून २०२५

आज मूळ शपथपत्र शब्दशः वाचले. फलकाचा गाभा हाच कागद असणार, हे आता नक्की झाले.

जानेवारी १८६८मध्ये, पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, जोसेफ ग्राफ आणि सॅम्युअल किलपॅट्रिक या दोन साक्षीदारांनी शपथेवर सांगितले की आपण फ्रीमनला पाच वर्षांहून अधिक काळ ओळखतो, तो नागरिक आहे आणि पत्नी व दोन मुले असलेल्या कुटुंबाचा प्रमुख आहे. त्यानंतर घराचे वर्णन येते : काही भाग ओंडक्यांचा आणि काही फळ्यांचा, १४ फूट गुणिले २० फूट, एकमजली, दोन दारे, दोन खिडक्या, लाकडी कौलांचे छप्पर, फळ्यांची जमीन, राहण्यास सोयीचे घर. सुमारे ३५ एकर जमीन नांगरून, कुंपण घालून लागवडीखाली आणली आहे. शिवाय तबेला, १०० फूट लांबीची मेंढ्यांची शेड, मक्याची कणगी, ४० सफरचंदाची आणि सुमारे ४०० पीचची झाडे.

सज्जाच्या गावी स्थळपाहणी करून पंचनामे लिहिणाऱ्याला या यादीतून बरेच काही दिसते. घर २८० चौरस फुटांचे, म्हणजे आपल्या आजच्या ग्रामीण घरकुल योजनेतील २५ चौरस मीटरच्या किमान क्षेत्राहून किंचित मोठे. मेंढ्यांची शेड मात्र घराच्या लांबीच्या पाचपट. कुटुंबाने आधी जनावरांची सोय केली आणि स्वतः दाटीने राहिले. १६० पैकी ३५ एकर लागवडीखाली, म्हणजे पाव हिस्सासुद्धा नाही; उरलेल्या १२५ एकरांना आपण पिकाच्या रकान्यात ‘गवत पड’ असा शेरा मारला असता. ते गवत मेंढ्यांनी खाल्ले असेल आणि ओढ्याकाठच्या झाडीतून घराचे ओंडके निघाले असतील, तेव्हा पड म्हणजे वाया असा अर्थ इथे लावता येत नाही. चारशे पीचची झाडे मला सर्वांत बोलकी वाटतात. लावल्यापासून तीनेक वर्षांत फळ देणारे हे झाड आहे. पाच वर्षांनी सनद घेऊन जमीन विकून टाकण्याचा विचार असलेला माणूस एवढी कलमे लावून त्यांना पाणी घालत बसत नाही.

आता महत्त्वाची बाब. साक्षीदार म्हणतात की फ्रीमनने १ जानेवारी १८६३ रोजी या जमिनीवर वस्ती केली आणि त्या दिवसापासून आजपर्यंत हेच त्याचे एकमेव घर आहे. त्या दिवशी तर तो साठेक मैल दूर ब्राउनव्हिलच्या कार्यालयात अर्ज भरत होता, आणि कथा खरी मानली तर तिथून थेट लष्करी कामगिरीवर निघाला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. यात लबाडी होती असे मी म्हणणार नाही. छापील नमुन्यात वस्तीच्या तारखेची मोकळी जागा असली, की अर्जाची तारीखच तिथे भरली जाते. ‘वहिवाट अर्जाच्या दिवसापासून’ असे जबाब माझ्या नोकरीत इतके पाहिले आहेत, की इथे वेगळी तारीख दिसली असती तरच मला नवल वाटले असते. होमस्टेडच्या शाबितीत उघड फसवणूकही पुष्कळ झाली. चाकांवर बसवलेले एकच खोपटे एका जमिनीवरून दुसऱ्या जमिनीवर ओढून नेत आणि साक्षीदार शपथेवर ‘होय, घर आहे’ असे सांगत, अशा हकिकती आहेत. फ्रीमनचे दप्तर त्या जातीचे नाही. झाडे आणि शेड यांचा तपशील इतका नेमका आहे, की तो प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लिहिता येणार नाही.

२० जानेवारी १८६८ रोजी अंतिम प्रमाणपत्र आणि १ सप्टेंबर १८६९ रोजी सनद. दरम्यान १ मार्च १८६७ रोजी नेब्रास्काला राज्याचा दर्जा मिळाला होता, म्हणजे अर्ज प्रदेशात झाला आणि सनद राज्यात मिळाली.

६ जुलै २०२५

शपथपत्रातील ‘पत्नी व दोन मुले’ या चार शब्दांवर आज काम केले. पत्नीचे नाव कागदावर नाही, म्हणून ते इथे आधी लिहितो : ॲग्नेस स्यूटर. आयोवा राज्यातील मिसिसिपी नदीकाठच्या ले क्लेअर गावची ही मुलगी. तिचे लग्न आधी डॅनियलचा भाऊ जेम्स याच्याशी ठरले होते. तो युद्धाच्या काळात वारला. डॅनियलने पत्रातून तिला मागणी घातली, काही काळ पत्रव्यवहार चालला, आणि फेब्रुवारी १८६५मध्ये दोघांचे लग्न झाले. म्हणजे शाबितीच्या पाच वर्षांपैकी शेवटची तीन वर्षे ती त्या २८० चौरस फुटांत राहिली. ती मेंढ्यांची शेड, कणगी आणि पीचची झाडे तिच्याही हातून उभी राहिली असणार.

कायद्याची यातली गंमत समितीला समजावून सांगावी लागली. अविवाहित किंवा विधवा स्त्रीला होमस्टेडचा अर्ज करता येत असे, आणि हजारो स्त्रियांनी तो केला. त्या काळाच्या मानाने ही मोठीच गोष्ट होती. वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्यावर, लग्नाआधी, ॲग्नेसलाही स्वतःच्या नावे १६० एकर मागता आले असते. लग्न झाले की कुटुंबप्रमुख नवरा, आणि ती अर्जास अपात्र. शाबितीआधी नवरा वारला तर मात्र विधवेला उरलेली मुदत पूर्ण करून सनद स्वतःच्या नावे घेता येई. थोडक्यात, लग्नाआधी आणि वैधव्यानंतर तिचे नाव कागदावर येऊ शकत होते, मधल्या काळात नाही.

आमच्या मांडणीचे काम करणारी मुलगी म्हणाली, “काका, आपल्याकडे वेगळं काय आहे?” प्रश्न रास्त होता. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम हाती घेऊन घरधनिणीच्या नावे जमीन करून देण्याची हाक दिली, तेव्हाच्या खातेफोडीच्या नोंदी मी स्वतः तपासल्या आहेत. काही गावांत लोक हौसेने आले, काही गावांत पुरुषांनी चावडीवर बसून घोळ घातला. हा दाखला फलकावर घेणार नाही, विषय फाटेल. पण ॲग्नेसचे नाव फलकाच्या मथळ्यात डॅनियलच्या बरोबरीने आणि त्याच आकाराच्या अक्षरांत यावे, असे ठरवून घेतले.

१५ जुलै २०२५

शेतीच्या प्रत्यक्ष कामाचा मजकूर. नेब्रास्काच्या पूर्व भागातील उंच गवताच्या माळाची जमीन काळी आणि कसदार होती खरी, पण तिच्यावर शतकानुशतकांच्या मुळांचे जाळे होते. ब्लूस्टेमसारख्या गवताची मुळे माणसाच्या उंचीहून खोल जातात. लाकडी किंवा ओतीव लोखंडी फाळ तिथे चालत नसे. माती चिकटून नांगर अडे. गुळगुळीत पोलादी फाळ आल्यावरच हा माळ फुटू लागला, आणि तरीही बैलांच्या जोड्या लावून दिवसाला एखाद-दोन एकरांपलीकडे मजल जात नसे. पहिल्या वर्षी उलटलेले ढेकूळ इतके घट्ट असे, की कुऱ्हाडीने चीर पाडून तिच्यात मक्याचे दाणे टाकायचे आणि टाचेने दाबायचे. त्या पिकाला कोळपणी नसे, कारण कोळपायला भुसभुशीत माती नसे. दाणा कमीच येई, पण चारा आणि भाकरीपुरते मिळे. दुसऱ्या वर्षी मुळे कुजली की खरी मशागत सुरू.

कुटुंबातील प्रत्येकाला काम होते आणि त्यात मुलांचा वाटा मोठा असे. पेरणीच्या वेळी चिरीत दाणे टाकणे, उगवलेल्या पिकावरून पाखरे उडवणे, मेंढ्या राखणे, पाणी वाहणे, सरपण आणणे ही त्यांची कामे. जिथे झाडी नव्हती तिथे वाळलेल्या शेणाचे गोळे आणि मक्याची बुरकुंडे जाळत. गोवऱ्यांवर स्वयंपाक झालेल्या घरातल्या वाचकाला यात काही नवल वाटणार नाही, पण पूर्वेकडील शहरांतून आलेल्या बायकांनी सुरुवातीला हातमोजे घालून ते गोळे उचलल्याच्या हकिकती सांगितल्या जातात.

१८७४च्या उन्हाळ्यात टोळधाड आली. रॉकी पर्वताच्या बाजूने आलेल्या या टोळांनी नेब्रास्का, कॅन्सस आणि आजूबाजूच्या मुलखातील मका, भाजीपाला, फळझाडांची पाने असे सगळे खाल्ले. घामाने खारट झालेल्या अवजारांच्या मुठीही कुरतडल्या, असे त्या काळच्या लोकांनी नोंदवले आहे. सरकारने लष्कराच्या कोठारातील कोट आणि बूट वाटले आणि टोळधाडीने पीक गेलेल्या अर्जदारांना जमीन सोडून काही काळ दुसरीकडे पोट भरण्यास परवानगी दिली, म्हणजे पाच वर्षांच्या वस्तीची अट त्यांच्यापुरती सैल केली. फ्रीमन कुटुंबाच्या हाती तोवर सनद आलेली होती. ज्यांची शाबिती बाकी होती त्यांच्यासाठी ही सवलत जीवनमरणाची होती. २०२०च्या मे महिन्यात विदर्भात टोळांचे थवे उतरले, तेव्हा थाळ्या वाजवत आणि फवारणी करत रात्र काढलेल्या शेतकऱ्यांना हा परिच्छेद जवळचा वाटेल. एक फरक आहे : त्या अमेरिकन टोळाची जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसलेली नाही.

२३ जुलै २०२५

छायाचित्राचा प्रश्न. मांडणीसाठी गवताच्या ढेकळांनी बांधलेल्या घरासमोर उभ्या असलेल्या कुटुंबाचे एक सुंदर जुने छायाचित्र सुचवण्यात आले. सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराने १८८६पासून नेब्रास्काच्या कस्टर काउंटीत अशी असंख्य छायाचित्रे काढली. घरातल्या गाई, शिवणयंत्र, कलिंगडे, सारे काही दाराबाहेर मांडून माणसे त्यांत उभी असतात. छायाचित्र उत्तम आहे, पण ते पश्चिमेकडच्या, झाडे नसलेल्या भागाचे आणि फ्रीमनच्या अर्जानंतर दोन दशकांनी काढलेले आहे. फ्रीमनचे घर ओंडक्यांचे होते, हे शपथपत्रातच लिहिले आहे. शेजारच्या वस्तीतील १८६७ सालची एक ओंडक्यांची खोली, पामर-एपार्ड केबिन, आजही जपून ठेवलेली आहे. ती १४ फूट गुणिले १६ फूट आहे आणि तिच्यात पामर दांपत्याने दहा मुले वाढवली. तिचेच चित्र घ्यावे, असे ठरले. फ्रीमनचे बंदूक हाती घेऊन काढलेले प्रसिद्ध छायाचित्र मी नाकारले. त्याने आयुष्यातील बराच काळ नांगरामागे आणि मेंढ्यांमागे घालवला.

२ ऑगस्ट २०२५

दप्तरातील एक वाक्य मी आजवर बाजूला ठेवले होते. साक्षीदार म्हणतात की या जमिनीवर होमस्टेडचा किंवा अग्रहक्काचा अधिकार असलेली दुसरी कोणतीही व्यक्ती राहत नव्हती. कायद्याच्या भाषेत हे बरोबर आहे. ज्यांना तो अधिकारच दिला गेला नव्हता, त्यांच्याबद्दल या वाक्यात काहीच नाही. आपल्याकडे फेरफार मंजूर करण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस काढतात; इथे हितसंबंधित कोण, हे अर्ज येण्याच्या आठ वर्षे आधीच ठरवून टाकलेले होते.

हा मुलूख ओटो-मिसूरिया लोकांचा होता. १५ मार्च १८५४च्या कराराने त्यांनी मिसूरी नदीच्या पश्चिमेकडील आपली जमीन सरकारला सोडून दिली आणि बिग ब्लू नदीच्या काठी दहा मैल रुंद व पंचवीस मैल लांब एवढी राखीव पट्टी स्वतःसाठी ठेवली. ती पट्टी नेब्रास्का आणि कॅन्सस यांच्या सीमेवर, गेज काउंटीच्या दक्षिण भागात होती. फ्रीमनचे सेक्शन २६ त्याच सीमेपासून सुमारे वीस मैलांवर आहे. म्हणजे फ्रीमन कुटुंब जमीन फोडत असताना तिचे आधीचे धनी एका दिवसाच्या वाटेवर राहत होते. वसाहतकारांना ती पट्टीही हवी होती. ती टप्प्याटप्प्याने विकली गेली आणि १८८१मध्ये ओटो-मिसूरियांना आजच्या ओक्लाहोमातील रेड रॉकच्या परिसरात हलवण्यात आले. ते लोक आजही तिथे आहेत.

समितीतील एका ज्येष्ठांचे म्हणणे पडले की हा मजकूर विषयांतर होईल, फलक कुटुंबाचा आहे. मी म्हटले, जमिनीचा इतिहास सांगताना आधीच्या खातेदाराचे नाव कंसात टाकून त्यावर आडवी रेघ मारतात, पण ते वाचता येईल असेच ठेवतात; जुन्या सातबाऱ्यावर हे सगळ्यांनी पाहिले आहे. नकाशावर फ्रीमनच्या उलट्या टीच्या खाली ती राखीव पट्टी एकाच प्रमाणात काढून दाखवायची, यावर अखेर एकमत झाले. मोजणीदार मित्र ते काम करत आहेत.

११ ऑगस्ट २०२५

पुढच्या वर्षांचा मजकूर आटोपशीर ठेवला. फ्रीमन कुटुंब त्याच जमिनीवर राहिले, वाढले. दक्षिण बाजूला त्यांनी ओसेज ऑरेंज या काटेरी झाडाचे कुंपण लावले. तारेचे कुंपण सर्रास होण्याआधी त्या मुलखात हीच रीत होती, आपल्याकडे निवडुंग आणि घायपात लावत तशी. त्या कुंपणाची झाडे अजून उभी आहेत.

एका गोष्टीला मात्र जागा दिली. जवळच्या विटांच्या एकखोली शाळेत शिक्षिका बायबल वाचून घेतात, प्रार्थना आणि भजने म्हणवून घेतात, यावर डॅनियलने १८९९मध्ये हरकत घेतली. शाळा मंडळाने ऐकले नाही, तेव्हा तो न्यायालयात गेला आणि १९०२मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. सार्वजनिक पैशाच्या शाळेत पंथीय उपासना नको, हे सांगणारा हा निकाल अमेरिकेच्या केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने तसाच प्रश्न हाती घेण्याच्या साठ वर्षे आधीचा आहे. खटला जिंकला तेव्हा तो पंचाहत्तरीच्या घरात होता. कागदावर आपले म्हणणे टिकवण्याची सवय त्याला अर्ज क्रमांक १ पासूनच होती, असे म्हणायला जागा आहे.

डॅनियल ३० डिसेंबर १९०८ रोजी वारला, ॲग्नेस १९३१मध्ये. दोघांची थडगी त्याच जमिनीवर आहेत. १९३६मध्ये संघराज्य सरकारने ती जमीन राष्ट्रीय स्मारक ठरवली आणि १९३९पासून सुमारे १०० एकरांवर पूर्वीचे उंच गवत पुन्हा लावण्यास सुरुवात केली. त्यामुळे कुटुंबाने मेहनतीने फोडलेली जमीन आता सरकारी खर्चाने माळ म्हणून राखली जाते. आपल्या पिकाच्या रकान्यात पुन्हा ‘गवत पड’.

२० ऑगस्ट २०२५

मजकूर छपाईसाठी दिला. मथळा : ‘डॅनियल आणि ॲग्नेस फ्रीमन, सेक्शन २६’. डावीकडे शपथपत्राची प्रतिमा आणि तिचा मराठी गोषवारा. मध्यभागी मोजणीदार मित्रांचा नकाशा, त्यात उलटा टी, कब क्रीक आणि खाली ओटो-मिसूरियांची राखीव पट्टी. उजवीकडे साखळी व गुंठ्यांचा हिशेब आणि कायद्याची चौकट. मध्यरात्रीची कथा तळाशी बारीक टाइपात गेली आहे, तिच्यालगत ‘एकमेव घर १ जानेवारी १८६३ पासून’ हे साक्षीदारांचे वाक्य ठेवले आहे आणि दोहोंतला मेळ घालण्याचे काम पाहणाऱ्यांवर सोडले आहे.

दोन कामे उरली. नकाशावर प्रमाणपट्टी मैलांत आहे, ती किलोमीटरमध्येही हवी. आणि फलकाखालच्या टेबलावर ३३ फुटांची खरी साखळी ठेवता येईल का, हे पाहायचे आहे. मित्रांच्या माळ्यावर एक आहे म्हणतात, गंजली असेल तर रॉकेल आणि चिंधी घेऊन शनिवारी तिच्यामागे लागू.